सहा महिन्यांची मुदत

मुसलमान समाज पोलिसांविषयी जेवढे बोलतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही पोलिसांविरुद्ध लिहून देत नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, मय्यत दफन करून परतताना विषय निघाला की प्रत्येकापाशी सांगायला काहीतरी असते. कुणाच्या भावाला रात्री उचलले, कुणाच्या मुलावर चॅप्टर केस घातली, कुणाच्या दुकानातला माल जप्त म्हणून नेला आणि परत आला तेव्हा निम्मा होता. सांगणारा तारीखवार सांगतो, अधिकाऱ्याचे नाव घेऊन सांगतो. पण त्याच ठाण्याचे आवक रजिस्टर उघडून पाहिले तर यातले एक अक्षर तिथे सापडणार नाही. सरकारदप्तरी आपल्या वस्त्या अत्यंत समाधानी आहेत!

नेहमीचा प्रसंग घ्या. सणाचा बंदोबस्त आहे, किंवा कुठेतरी दूर स्फोट झाला आहे. मोहल्ल्यातली चार पोरे रात्री उचलली जातात. आई-बाप ठाण्याकडे धावत नाहीत, ते आधी नगरसेवकाच्या दारात उभे राहतात. नगरसेवक फोन करतो, ‘साहेब, आपलीच पोरं आहेत’ म्हणतो. पहाटे दोन-अडीचला पोरे सुटतात. एकाच्या तळपायावर वळ असतात, एकाला नीट ऐकू येत नाही. कुठल्याशा कोऱ्या कागदावर सही घेतलेली असते. बाप साहेबांचे आभार मानतो, नगरसेवकाचे आभार मानतो, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत या उपकाराखाली वाकून राहतो. अटकेची नोंद नाही, वैद्यकीय तपासणी नाही, कुणाचे नाव नाही. कायद्याच्या दृष्टीने ती रात्र उजाडलीच नाही. तोच अधिकारी सहा महिन्यांनी त्याच पोराला पुन्हा उचलतो आणि या वेळी कागद तयार असतो. पोराचा कागद, ‘वारंवार गुन्हे करणारा’ म्हणून.

‘सहा महिने’ हा शब्द सहज आलेला नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (जुन्या लोकांच्या तोंडी अजून बॉम्बे पोलीस ॲक्ट) यात १६१ क्रमांकाचे एक कलम आहे. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या कर्तव्याच्या किंवा अधिकाराच्या नावाखाली, किंवा त्याची मर्यादा ओलांडून, काही गुन्हा वा अन्याय केला असेल तर त्याबद्दलचा खटला किंवा दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. नाही झाला तर न्यायालय तो ऐकणार नाही. फौजदारी खटल्यासाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी आणली तर दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. दिवाणी दावा लावायचा तर त्या अधिकाऱ्याला किमान एक महिना आधी, तक्रारीचा पुरेसा तपशील देऊन, नोटीस दिली पाहिजे. शिवाय सरकारला पक्षकार करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस वेगळी. याखेरीज १५९ वे कलम आहेच, सद्‌हेतूने कर्तव्य बजावणाऱ्याला भरपाईच्या जबाबदारीतून मोकळे करणारे. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? वकिलांना असते. परंतु वकिलाकडे आपण जातो तो मुलगा तुरुंगातून सुटल्यावर, आणि तोवर मुदत केव्हाच उलटलेली असते.

या कलमाची खरी गंमत न्यायालयांच्या निकालांत आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर म्हैसूर राज्यातले एक प्रकरण आले. खोटा पंचनामा केल्याचा आरोप एका हेड कॉन्स्टेबलवर होता. न्यायालय म्हणाले, पंचनामा करणे हे त्याचे कर्तव्य, म्हणून खोटा पंचनामाही कर्तव्याच्या नावाखालीच झाला, आणि म्हणून सहा महिन्यांची ढाल त्याला लागू. पुढे, १९६६ मध्ये, महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की कबुलीसाठी माणसाला मारहाण करणे, डांबून ठेवणे याचा पोलिसाच्या कर्तव्याशी काही संबंध नाही, तिथे ही ढाल चालणार नाही. कायद्याच्या अंगाने दोन्ही निकाल आपापल्या जागी असतील. पण मोहल्ल्यात उभे राहून वाचले तर अर्थ असा निघतो : खोट्या पंचनाम्याचा कागद असतो, तो दाखवता येतो, पण त्याला मुदतीचे संरक्षण. मारहाणीला संरक्षण नाही, पण तिचा कागदच नसतो. हाती पुरावा असतो तेव्हा दार बंद, आणि दार उघडे असते तेव्हा हात रिकामे.

ते हात रिकामे का राहतात, यात मात्र आपला वाटा मोठा आहे. आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभे करतात तेव्हा साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? शेजारी तोच हवालदार उभा असतो, ज्याच्या ताब्यात परत जायचे आहे. पोरगा ‘नाही’ म्हणतो. रिमांडच्या कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद पडते. पुढे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी उच्च न्यायालयात छळाचा मुद्दा निघतो तेव्हा सरकारी वकील ती ओळ काढून वाचून दाखवतात. तिथे त्या पोराच्या बाजूला कुणी वकील असता, निदान एखादा जाणता माणूस असता, तर त्या ‘नाही’चा ‘हो’ झाला असता. पण जाणते लोक त्या वेळी कोर्टात कुठे असतात? ते ‘वातावरण शांत होऊ द्या’ सांगत मोहल्ल्यात फिरत असतात.

आता दिवाणी दाव्याची, म्हणजे पैशाच्या भरपाईची गोष्ट. याचा इतिहास एका सोन्याच्या गोष्टीपासून सुरू होतो आणि ती गोष्ट मुसलमान वाचकाने जरूर ऐकावी. सप्टेंबर १९४७. अमृतसरचा एक सराफ मेरठला आला. पोलिसांनी त्याला रात्री संशयावरून पकडले, शंभरावर तोळे सोने आणि बरीच चांदी जप्त करून ठाण्यात ठेवली. तो सुटला, चांदी परत मिळाली. सोने मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल घेऊन गेला, थेट पाकिस्तानात. हो, आपलाच जातभाई. सराफाच्या पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६४ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की पोलिसांचा निष्काळजीपणा उघड आहे, तरीही अटक व जप्ती हे राज्याचे सार्वभौम काम असल्याने सरकार भरपाईला बांधील नाही. निकाल लिहिणाऱ्यांनाही तो रुचला नव्हता. संसदेने याबाबत कायदा करावा असे त्यांनीच सुचवले. तो कायदा आजवर झालेला नाही. पोलिसी अन्यायाचा बळी कोण आणि अन्याय करणारा कोण, हे दर वेळी एकाच धर्माच्या रेषेवर वाटले जात नाही, एवढे तरी या गोष्टीवरून आपल्या ध्यानात यावे. खाकी अंगावर चढली आणि जाब विचारणारा कुणी नाही हे कळले की मुसलमानाचाही तोच हेड कॉन्स्टेबल होतो.

मग न्यायालयांनी दुसरी वाट काढली. १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल शाहला, जो निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात पडून होता, सर्वोच्च न्यायालयाने पस्तीस हजार रुपये दिले. दिवाणी दावा लावायला न सांगता, थेट घटनेच्या आधाराने. आणि १९९३ मध्ये निलाबती बेहेराचा निकाल आला. या ओरिसातल्या बाईचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला. दुसऱ्या दिवशी तो रेल्वे रुळावर मरून पडलेला होता. पोलीस म्हणाले, दोर दातांनी कुरतडून तो पळाला आणि गाडीखाली सापडला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. साधे पत्र. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल केले, पळून गेल्याची कथा फेटाळली आणि दीड लाखाची भरपाई दिली. सार्वभौम कामाची सबब मूलभूत हक्कांपुढे चालणार नाही हे तत्त्व त्या पत्रातून कायद्यात आले. आपल्याकडे किती आयांनी असे पत्र लिहिले असते, तर! पत्र लिहायला कुणी बसवले नाही, हे खरे.

पण या वाटेतही एक खोट आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पैसे देतो कोण? सरकारी तिजोरी. म्हणजे रोजच्या खरेदीवर कर भरणारे तुम्ही-आम्ही. ज्याने मारले त्याच्या पगारातून एक रुपया जात नाही, बढती थांबत नाही. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचे एक मूल मेले, त्या प्रकरणात १९९० मध्ये पंचाहत्तर हजार देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रशासनाला ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक ठेवली होती. मोकळीक सरकारे किती वापरतात हे वेगळे सांगायला नको.

परभणीच्या ख्वाजा यूनुसचे प्रकरण या सगळ्याचा अर्क आहे. सत्तावीस वर्षांचा, दुबईत नोकरी करणारा अभियंता. घाटकोपरच्या बसस्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. ओरिसात दोर कुरतडला, इथे गाडी दरीत गेली. बरोबरच्या आरोपीने न्यायालयात सांगितले की कोठडीत त्याला रक्ताची उलटी होईपर्यंत मारलेले आपण पाहिले. त्याचा देह आजतागायत मिळालेला नाही, म्हणजे कबरही नाही. स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

घरच्यांनी उच्च न्यायालय गाठले म्हणून सी.आय.डी. चौकशी झाली. चौकशीत चौदा पोलिसांची नावे आली. सरकारने खटला भरायला मंजुरी दिली फक्त चौघांवर. उरलेल्या दहांना कुठल्या न्यायाधीशाने सोडले नाही, मंत्रालयातल्या एका फायलीने सोडले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला वीस लाखांची भरपाई देवविली, पण मंजुरीशिवाय त्या दहांवर खटला चालवायला नकार दिला. साक्षीपुरावा सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. साक्षीदाराने आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली, विशेष सरकारी वकिलांनी त्यांना आरोपी करण्यासाठी अर्ज केला, आणि सरकारने त्या वकिलांनाच दूर केले. जून २०२० मध्ये खटला चालू असताना चारही आरोपी पोलीस पुन्हा सेवेत घेतले गेले. त्यांतले सचिन वाझे २०२१ मध्ये बडतर्फ झाले, पण ते एका उद्योगपतीच्या घराबाहेर सापडलेल्या स्फोटकांच्या आणि त्याला जोडून आलेल्या खुनाच्या प्रकरणात. परभणीच्या मुलासाठी नव्हे. हे अधिकारी दोषी आहेत असे मी म्हणत नाही. ते ठरवायचे काम न्यायालयाचे आहे. न्यायालयाला ते ठरवू दिले जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे. वीस लाख दिले की प्रकरण मिटले असे सरकारला वाटते, आणि वाईट असे की आपल्यातल्याही पुष्कळांना वाटते. ‘पैसे तर मिळाले ना?’ हा प्रश्न मी परभणीत आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकला आहे.

त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर दंगल झाली, धरपकड झाली, आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. सरकारने दहा लाख देऊ केले, ते त्याच्या आईने नाकारले. तिने मागितला गुन्हा. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे त्याच महिन्याच्या अखेरीस हरले. मृत्यूपासून आदेशापर्यंत सात महिनेही लागले नाहीत. त्या बाईमागे एक चळवळ उभी होती. वस्तीतली माणसे साक्ष द्यायला घाबरली नाहीत, वकील पहिल्या दिवसापासून होते, आणि भरपाईचा धनादेश घेऊन फोटो काढायला कुणी पुढारी पुढे आला नाही. आपण ‘दलित-मुस्लिम एकी’ची भाषणे व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो. एकीआधी ही एक गोष्ट आंबेडकरी वस्तीकडून शिकून घ्यायला काय हरकत आहे?

मंजुरीबद्दल दोन शब्द अधिक. जुन्या फौजदारी संहितेचे १९७ वे कलम १ जुलै २०२४ पासून गेले आणि त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे २१८ वे आले. त्यात एक चांगली गोष्ट आहे : मंजुरीच्या अर्जावर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असे धरायचे. ख्वाजा यूनुसच्या वेळी हे असते तर निदान फाईल झोपवून ठेवता आली नसती, स्पष्ट नकार तरी लिहावा लागला असता. पण त्याच संहितेत १७५ व्या कलमाखाली नवी अडचण घातली आहे. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकराविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे तपासाचा आदेश मागायचा, तर आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याची स्वतःची बाजू विचारात घ्यायची. फिर्यादी कुणीही असो, आरोपीची बाजू तपासाआधी ऐकण्याची ही सोय बाकी जनतेला नाही. चोराला आधी विचारतात का, ‘तुमच्याविरुद्ध तपास करू का?’

बॉम्बस्फोटांत गोवले जाऊन निर्दोष सुटलेल्यांचे तर विचारूच नका. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत नऊ मुसलमान पकडले गेले. जामीन मिळायला २०११ चा नोव्हेंबर आणि दोषमुक्त व्हायला २०१६ चा एप्रिल उजाडला. एक जण तो दिवस पाहायला उरला नव्हता. यांच्यासाठी सहा महिन्यांची मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली? कोठडीतच सुरू झाली आणि तुरुंगातच संपली. अक्षरधाम खटल्यातून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने, असे केले तर धोकादायक पायंडा पडेल म्हणून नकार दिला. हैदराबादच्या मक्का मशीद प्रकरणात पकडून सोडलेल्या तरुणांना तिथल्या सरकारने भरपाई वाटली, ती उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेकायदा ठरवली. मुंबईच्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक चार वर्षांपूर्वी नागपूरच्या तुरुंगातच मेला होता. सरकारने लगेच सर्वोच्च न्यायालयात अपील केले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा आदेश तिथून आला.

याउलट इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन. हेरगिरीच्या खोट्या आरोपात १९९४ मध्ये पकडले गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख देवविले, आणि त्यांनी तिरुवनंतपुरमला लावलेल्या दिवाणी दाव्यात केरळ सरकारने पुढे एक कोटी तीस लाखांवर तडजोड केली. कुणी म्हणेल, ते शास्त्रज्ञ, ते नंबी नारायणन, आणि आमचे शब्बीर-सलमान. फरक दिसतोच आहे. दिसतो, मी नाकारत नाही. पण त्या माणसाने दावा लावला होता, आणि तो वर्षानुवर्षे चालवला, हेही दिसू द्या. खोटा खटला भरल्याबद्दल भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात लावावा लागतो, मुदतीच्या कायद्यात तसे स्पष्ट आहे. आपल्या सुटलेल्या पोरांपैकी किती जणांना त्या वर्षात कुणी हे सांगितले? सुटल्यावर हार घातले, जलसा केला, इस्तिकबालिया झाला. वर्ष गेले.

पोलीस तक्रार प्राधिकरणाचे नाव आपल्यात फारसे कुणी ऐकलेले नसते. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर असे प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने आठ वर्षे लावली, २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी ठेवली. तालुक्याच्या माणसाने जिल्ह्याच्या गावी नव्हे, विभागाच्या गावी हेलपाटे घालावेत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. पण शेवटी ते अहवाल देणार सरकारला. दात पाडलेला वाघ म्हणा. तरीही तिथे अर्ज करा असेच मी म्हणेन, कारण तिथे आवक क्रमांक मिळतो आणि अधिकाऱ्याला उत्तर लिहून द्यावे लागते. लिहिलेले उत्तर पुढे दाव्यात कामाला येते.

आता आपल्या पुढाऱ्यांकडे वळतो. भिवंडीत १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या सुरू केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या प्रयोगाचे मोल मी जाणतो. पण ठिकठिकाणी त्याची जी नक्कल झाली ती काय आहे? ठाण्यात खुर्ची मिळणारे चार इसम. इफ्तारला साहेबांना खजूर भरवतात, ईद-ए-मिलादच्या जुलूसचा रस्ता ठरवतात, आणि मोहल्ल्यात काही घडले की दोन्हीकडे मध्यस्थी करून आपले वजन वाढवतात. लेखी तक्रार झाली तर यांची गरज उरत नाही. म्हणून लेखी तक्रारीला सर्वांत आधी विरोध होतो तो ठाण्यातून नव्हे, यांच्याकडून. ‘साहेब नाराज होतील’, ‘कौमचे नुकसान होईल’, ‘सब्र करा’. सब्र म्हणजे गप्प बसणे, हा अर्थ यांनी कुठल्या मदरशात शिकला? साक्ष लपवणे हा गुनाह आहे हे कुरआनात आले आहे, ते यांच्या जुम्म्याच्या बयानात कधी का येत नाही?

श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये एकतीस पोलिसांना दोषी धरले होते. त्यांचे पुढे काय झाले हे या समित्यांतल्या कुणी कधी माहितीचा अधिकार वापरून विचारले का? नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे दंगलीनंतर तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता झालेल्यांपैकी १०८ जणांच्या वारसांना शोधून व्याजासह दोन-दोन लाख देण्याचा आदेश दिला. हे १०८ वारस सरकारला सापडले नाहीत. ते मोहल्ल्यालाही सापडले नाहीत, हे कुणी बोलत नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि त्याला मी हलक्याने घेणार नाही. तक्रार केली की उलटी केस पडते. पोराचे नाव हिस्ट्रीशीटरच्या यादीत चढते, तडीपारीची नोटीस येते, दुकानाच्या परवान्यात खोट निघते. मजुरी करणाऱ्या बापाला हे परवडत नाही. एकट्याने तक्रार करा असा उपदेश मी त्याला करू शकत नाही; करणाराने आधी स्वतःच्या घरात पोलीस आलेला पाहावा. पण म्हणूनच हे काम एकट्याचे नाही, जमातीचे आहे. मशिदीच्या रंगरंगोटीला, संगमरवराला, ए.सी.ला वर्गणी निघते, जकातीचा पैसा कुठे कुठे जातो ते आपण जाणतो. त्यातून तालुक्याला एक वकील महिन्याच्या पगारावर ठेवता येत नाही? दहा तक्रारी एका वेळी, दहा घरांच्या, एका वकिलामार्फत गेल्या तर उलटी केस कुणाकुणावर टाकणार?

आणि आता आपण, या अंकात लिहिणारे आणि वाचणारे. ठाण्याची भाषा मराठी आहे. स्टेशन डायरी मराठीत, पंचनामा मराठीत, जबाब मराठीत. आपले पंच वाचता न येणाऱ्या कागदावर सही करतात, कारण घरातले सारे शिक्षण उर्दूत झाले. ‘सदर इसम’, ‘गोपनीय बातमीदारामार्फत’, ‘संशयास्पद स्थितीत मिळून आला’ या शब्दांत आपल्या पोरांचे आयुष्य लिहिले जाते, आणि ते आपल्याला वाचता येत नाही. आपण मराठीत लिहिणारे मुसलमान तीसेक वर्षे संमेलने भरवतो आहोत. आपल्या कथांत पोलीस येतो, दंगल येते, कर्फ्यू येतो, कवितेत तर रक्ताचे पाट वाहतात. परंतु त्यातल्या किती जणांनी शेजारच्या बाईला बसवून एक अर्ज लिहून दिला आहे? ‘दिनांक अमुक, रात्री इतके वाजता, तमुक नावाचे व तमुक बक्कल नंबरचे अंमलदार यांनी माझ्या मुलास...’ यात अलंकार नाहीत. तारीख हवी, वेळ हवी, नाव हवे, आणि सरकारी दवाखान्यातला जखमेचा दाखला हवा. बासू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम, म्हणजे अटकेच्या कागदावर नातलगाची किंवा प्रतिष्ठित माणसाची सही, दर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणी, अंमलदाराच्या छातीवर नाव, यांतला कुठला मोडला ते लिहावे. डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि किमान वर्षभराचे चित्रण ठेवायला सांगितले आहे, ते जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करावी, नाहीतर कॅमेरा नेमका त्या रात्री बंद होता असे उत्तर येते. ठाण्याने अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, तिथे हलले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

आणि पोच जपून ठेवावी. सहा महिन्यांच्या आत ती वकिलाच्या हातात पडली पाहिजे.